बिशप, प्रीस्ट व सेक्स्टन : जुन्या तोफगाडीवर निराळी तोफ बसविण्याचा प्रश्न

एखाद्या जुन्या स्वयंचालित तोफगाडीवर निराळी तोफ बसविली असती तर तिची योग्यता वाढली असती काय, हा प्रश्न लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांत वारंवार निघतो. उत्तर देताना बहुधा तोफेचा व्यास व तिचा पल्ला एवढेच पाहिले जाते. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश 25 पौंडी तोफेची हकीकत पाहता हा निकष किती अपुरा आहे, ते ध्यानात येते.

1941 साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात रणगाड्यांच्या बरोबरीने धावू शकेल अशा तोफेची निकड ब्रिटिश सैन्यास भासू लागली. घाईघाईने जो उपाय निघाला तो ‘बिशप’ होय. व्हॅलेंटाइन रणगाड्याचा बुरूज काढून त्याजागी एक उंच, चौकोनी पोलादी कोठडी उभारण्यात आली व तीत 25 पौंडी तोफ बसविण्यात आली. तोफ उत्तम होती, गाडीही विश्वासू होती. दोहोंचा संयोग मात्र दुर्दैवी ठरला. जमिनीवर उभी असता ही तोफ 13,400 यार्डांपर्यंत गोळा टाकी. कोठडीत तिचे तोंड 15 अंशांहून अधिक वर उचलता येईना, आणि पल्ला सुमारे 6,400 यार्डांवर आला. ओढून नेण्याच्या तोफा मागे सुरक्षित राहून जे काम करीत, त्याच कामासाठी बिशपमधील गोलंदाजांना शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात जावे लागे. तेव्हा ते मातीचा चढ रचीत, गाडीचा पुढचा भाग त्यावर चढवीत आणि हरवलेले काही अंश परत मिळवीत. कारखान्यात झालेली चूक रणांगणावर फावड्याने दुरुस्त करण्याचा हा प्रकार होता.

येथे ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न खरोखर विचारण्याजोगा आहे. 3.7 इंची पहाडी हॉवित्झर त्या काळी उपलब्ध होती. हिंदी सैन्याच्या पहाडी तोफखान्याने ती सुटी करून आठ खेचरांच्या पाठीवर वर्षानुवर्षे वाहिली होती. तिचा गोळा 20 पौंडांचा, पल्ला सुमारे 6,000 यार्ड, वजन 25 पौंडी तोफेच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे जखडलेली मोठी तोफ जितक्या दूर मारा करी, जवळजवळ तितक्याच दूर ही लहान तोफ आपल्या पूर्ण सामर्थ्याने मारा करू शकली असती. कागदावर हा बदल फायद्याचा दिसतो. तथापि तिलाही तोंड पुरेसे उचलता येईल अशी निराळी कोठडी लागली असती, आणि वाळवंटातील पुरवठ्याच्या लांब मार्गावर आणखी एका जातीच्या गोळ्यांची भर पडली असती. हा दुसरा आक्षेप लहान नव्हे.

तो किती मोठा आहे हे अमेरिकन ‘प्रीस्ट’ गाडीने दाखविले. एम-3 रणगाड्याच्या सांगाड्यावर 105 मिलिमीटर हॉवित्झर बसविलेल्या अशा 90 गाड्या सप्टेंबर 1942 मध्ये आठव्या सैन्याला मिळाल्या व एल अलामीनच्या लढाईत उपयोगी पडल्या. बिशपपेक्षा त्या सर्वार्थाने सरस होत्या. परंतु 105 मिलिमीटरचा गोळा ब्रिटिशांच्या भांडारातला नव्हता. त्याची सोय वेगळी करावी लागे. म्हणून प्रीस्टवरच 25 पौंडी तोफ बसवावी, अशी कल्पना पुढे आली. नमुना तयारही झाला. चाचणीत तोफेची बैठक सदोष ठरली. अमेरिकन कारखाने स्वतःच्याच मागणीत गुंतलेले होते. अखेर कॅनडाने ‘रॅम’ रणगाड्याच्या सांगाड्यावर हे काम तडीस नेले. ‘सेक्स्टन’ या नावाच्या 2,150 गाड्या मॉन्ट्रियल येथे तयार झाल्या आणि त्यांत तोफेचे तोंड 40 अंशांपर्यंत उचलता येई. तोफ तीच, गोळा तोच. बदलली ती केवळ बसविण्याची रीत.

प्रीस्टच्या बाबतीत हा धडा पुढे उलट बाजूने गिरवावा लागला. गाडी बुटकी राहावी म्हणून तिची तोफ खाली बसविली होती आणि तोंड 35 अंशांपर्यंतच उचलले जाई. सपाट मुलखात हे निभावले. कोरियातील युद्धात डोंगरांपलीकडे मारा करण्याची वेळ आली, तेव्हा अमेरिकनांनी काही गाड्यांतील तोफेची बैठक उंच करून हा कोन 65 अंशांवर नेला. गाडी अधिक उंच व म्हणून अधिक ठळक दिसू लागली, ही त्याची किंमत होय.

या दोन्ही गाड्या पुढे भारतीय उपखंडात परस्परांसमोर आल्या. 1965 च्या युद्धात पाकिस्तानजवळ प्रीस्ट होत्या, तर भारतीय चिलखती दलाबरोबर सेक्स्टन होत्या. त्या वेळी भारतीय तोफखान्याचा मोठा भाग 25 पौंडीच वापरीत असल्याने सेक्स्टनसाठी निराळा दारूगोळा साठवावा लागला नाही. पुढे आवडीच्या ‘विजयंता’ रणगाड्याचा सांगाडा लांबवून त्यावर सोव्हिएत 130 मिलिमीटर एम-46 तोफ चढविण्यात आली व ‘कॅटापुल्ट’ सिद्ध झाली. तिलाही फिरता बुरूज नव्हता, गोलंदाज बरेचसे उघड्यावरच राहत. पण 27 किलोमीटर पल्ल्याची ही तोफ 1971 च्या युद्धातच भारतीय सैन्याच्या हाती होती, आणि तिचे गोळे भांडारात आधीपासूनच होते.