मुनियाचे पीस : ओळख

मुनिया हे चिमणीहून लहान, जाड चोचीचे, थव्याने दाणे टिपणारे पक्षी. फिंच म्हणून विकले जात असले तरी त्यांचे कुल इस्ट्रिल्डिडी. खऱ्या फिंचांचे फ्रिंजिलिडी. शिरूर-दौंड पट्ट्यातल्या बाभळी, ज्वारी-बाजरीची शिवारे आणि उसाचे फड त्यांना मानवतात. इनामगावजवळ घोड नदीच्या काठी एखादे इवलेसे पीस सापडले, तर ते कोणाचे हे विचारण्याआधी ते अंगावरच्या कोणत्या भागाचे, हे ठरवावे लागते.

कडक दांड्याचे, एक बाजू अरुंद आणि दुसरी रुंद असलेले पीस बहुधा पंखाचे. मऊ, वाकडे आणि बुडाशी कापसासारखे पिंजलेले पीस छाती, पोट किंवा पाठीचे. मग लांबी मोजायची. पांढऱ्या गळ्याच्या मुनियाचा मिटलेला पंखच जेमतेम साडेपाच सेंटिमीटरचा, लाल मुनियाचा त्याहून लहान. चिमणीचा मात्र सात-आठ सेंटिमीटर भरतो. म्हणजे सहा सेंटिमीटरचे उड्डाणपीस हाती आले, तर या दोघींची नावे तिथेच बाद होतात.

पांढऱ्या गळ्याच्या मुनियाची शेपटी काळी, टोकदार. शेपटीच्या बुडावरची पिसे पांढरी. ठिपकेवाल्या मुनियाच्या छातीचे पीस उजेडात धरण्याजोगे असते : मध्ये पांढरे आणि भोवती तपकिरी कड. अशी पिसे एकावर एक बसली की माशाच्या खवल्यांची नक्षी दिसते. सगळ्यात फसवी लाल मुनिया. विणीच्या हंगामातल्या नराच्या लाल पिसावर टोकाजवळ पांढरा ठिपका असतो, पण हंगाम सरला की तोच नर पिसे टाकून मादीसारखा मातकट होतो. त्यामुळे तपकिरी पिसावरून ‘मादी’ असा निकाल देणे चूक ठरू शकते.

घरट्यातले पीस घरमालकाचेच असेल असेही नाही. चिमण्या आणि लाल मुनिया आतल्या अस्तरासाठी इतर पक्ष्यांची पिसे आणतात. पांढऱ्या गळ्याची मुनिया तर कधी सुगरणीच्या जुन्या घरट्यातच संसार मांडते.

डोळ्यांना जमत नाही तिथे सूक्ष्मदर्शक. पिसाच्या पिंजलेल्या बुडातल्या अतिसूक्ष्म धाग्यांवर गाठी असतात. त्यांचा आकार, अंतर आणि रंगद्रव्य यांवरून पक्ष्याचा गण, कधी कुलही कळते. ऑक्टोबर 1960 मध्ये बोस्टनला पक्षी इंजिनांत शिरून विमान कोसळले आणि 62 जण दगावले. इंजिनांतल्या पिसांच्या तुकड्यांवरून ते पक्षी स्टार्लिंग होते, हे स्मिथसोनियन संग्रहालयाच्या रॉक्सी लेबर्न यांनी ओळखले. अशा कामाला संग्रहालयातले नमुने शेजारी ठेवावे लागतात. मुनियांसारख्या जवळच्या जातींत मात्र शेवटचा शब्द बहुधा डीएनएचा.

पिसे केराटिनची, जमिनीत लवकर कुजणारी. इनामगावला 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर प्रभृतींच्या पुढाकाराने उत्खनन केले. तिथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, दफने, जळके धान्य आणि प्राण्यांची हाडे मिळाली. अशा वस्तीच्या जनावरांचा माग हाडांवरून काढता येतो. त्यांच्या धान्यावर उतरणाऱ्या थव्यांबद्दल पिसांकडून काही कळणे जवळपास अशक्य.

आजच्या पिसाचा पुरावा मात्र कामाचा आहे. देशी पक्ष्यांचा व्यापार 1991 पासून बंद असूनही मुनिया पकडल्या जातात आणि गिऱ्हाईक भुलावे म्हणून त्यांना हिरवे-पिवळे रंग फासले जातात. रंग वरून चढवता येतो. पिसाची लांबी, ठेवण आणि गाठी बदलता येत नाहीत. पीस दिसले तर पट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो घ्यावेत, आणि जागा, तारीख, आजूबाजूचा झाडझाडोरा टिपून ठेवावा.