बॅटरी पूर्ण उतरू द्या : एका सल्ल्याची कुळकथा

“पहिल्यांदा आठ तास चार्जिंगला लावा, मधे चालू करू नका. आणि पुढेही पूर्ण उतरल्याशिवाय लावायचा नाही, नाहीतर बॅटरीला सवय लागते.” वीसेक वर्षांपूर्वी ज्याने पहिला मोबाइल घेतला, त्याने पावती फाटता फाटता दुकानदाराकडून हे बहुधा ऐकलेलेच असते. फोन बदलले, दांड्या जाऊन टक्के आले, तरी सल्ला काही गेला नाही. आजही घरोघरी कुणी ना कुणी असतो, जो दहा टक्क्यांचा लाल रंग दिसू लागला तरी चार्जरला हात लावत नाही. “शून्यावर येऊ दे, मग लावतो.”

आजच्या फोनला हा सल्ला लागू नाही, उलट बाधतो, हे पुष्कळ ठिकाणी छापून आले आहे. ते पुन्हा सांगण्यात मला रस नाही. मला छळत होता तो दुसराच प्रश्न : एवढा ठाम, एवढा नेमका सल्ला आला कुठून? आणि त्याचा माग काढताना जे सापडले त्याने मी चाट पडलो. या सल्ल्याचा मूळपुरुष दुकानात नाही, कारखान्यात नाही, तो पृथ्वीवरच नाही. तो उपग्रहात बसलेला आहे.

आधी वंशावळ झटपट उरकतो. निकेल-कॅडमियम बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये केली. १९४७ च्या सुमारास ती हवाबंद करता येऊ लागली आणि मग ती कुठेही, कशीही, उलटीसुलटी ठेवता येऊ लागली. अवकाशात पाठवायला अशीच बॅटरी हवी होती.

आता जरा थांबू. पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह दीड तासाच्या आसपास एक फेरी घालतो आणि त्यातली साधारण ३५ मिनिटे तो पृथ्वीच्या सावलीत असतो. उन्हात सौरपट्ट्या वीज देतात आणि बॅटरी भरतात, सावलीत बॅटरी उपग्रह चालवते. दिवसाला पंधराएक फेऱ्या, वर्षाला पाच हजारांवर. प्रत्येक फेरीत सावली तेवढीच, यंत्रांचा खर्च तेवढाच, म्हणून बॅटरी उतरायचीही तेवढीच. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या एका तांत्रिक टिपणात ही हकिकत अशी येते : संगणकाच्या नियंत्रणाखाली बॅटरी दर फेरीला बरोबर २५ टक्के उतरवली जायची, फरक फार तर एखाद्या टक्क्याचा. असे अगणित वेळा झाल्यावर पाहावे तर त्या २५ टक्क्यांपलीकडची वीज बॅटरी धड देईनाशी झाली. उरलेल्या तीन हिश्शांचा तिला जणू विसरच पडला होता. अभियंत्यांनी याला नाव दिले ‘मेमरी’. आपल्या दुकानदाराची ‘सवय’ ती हीच.

ही कथा काही जणांना मान्य नाही. त्यांचे म्हणणे असे की घरगुती वापरात ज्याला लोक मेमरी म्हणत आले, तो वेगळाच रोग आहे. निकेल-कॅडमियमचा सेल भरला तरी चार्जरवर तसाच तापत ठेवला, की आतल्या पत्र्यांवरचे बारीक कण जाडे होत जातात. मग सेलमध्ये वीज असते, पण तिचे व्होल्टेज मधेच एक पायरी खाली उतरते. १.२ व्होल्टवर चालणारे यंत्र ती पायरी पाहून “संपली” असे समजते आणि बंद पडते. म्हणजे दोष अर्धवट उतरवण्याचा नाही, अति भरण्याचा. गंमत अशी की हा आक्षेप घेणाऱ्यांचा सर्वांत मोठा साक्षीदार खुद्द जनरल इलेक्ट्रिकच. त्याच टिपणात स्पष्ट म्हटले आहे की खरी मेमरी व्हायची तर उतरण्याचे माप दर वेळी दोन-तीन टक्क्यांच्या आत तेच असले पाहिजे, आणि सेल एकदा जरी एक व्होल्टच्या खाली गेला तरी ती पुसली जाते. आता सांगा, कोणता माणूस आपला फोन रोज बरोबर तेवढ्याच टक्क्यांवर आणून चार्जिंगला लावतो?

मी मात्र उपग्रहाची बाजू सोडायला तयार नाही, आणि माझा आधार ‘मेमरी’ या नावाचा नाही, उपायाचा आहे. रोगाबद्दल वाद असू दे, पण “पूर्ण उतरू द्या, मग पूर्ण भरा” हा विधी सर्वांत शिस्तीने पाळला गेला तो अवकाशातच. सुमारे ३६,००० किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या वर, एकाच जागी भासणारे दळणवळणाचे उपग्रह बहुतेक वर्षभर उन्हातच असतात. वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आगेमागे, साधारण ४५-४५ दिवस ते रोज थोडा वेळ पृथ्वीच्या सावलीतून जातात, जास्तीत जास्त ७० मिनिटांच्या आसपास. आपल्याकडे गुढीपाडव्याची आणि पितृपक्षाची चाहूल लागते ना, त्याच सुमारास. निकेलच्या बॅटऱ्यांच्या जमान्यात ही सावलीची पाळी सुरू होण्याआधी जमिनीवरचे अभियंते त्या बॅटऱ्या मुद्दाम, सावकाश, जवळजवळ तळापर्यंत उतरवत आणि पुन्हा काठोकाठ भरत. त्यांच्या बोलीत हे बॅटरीला पुन्हा वळणावर आणणे. “महिन्यातून एकदा तरी शून्यावर आणा” म्हणणारा आपला शेजारी नकळत हाच सांभाळविधी पार पाडतो, फक्त त्याच्या बॅटरीला ना सावली ना विषुवदिन.

मग हा विधी खाली उतरला कसा? इथे पुरावा विरळ होतो आणि माझा तर्क सुरू होतो. दुवा म्हणून मी बोट ठेवतो ते लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगवर. ऐंशीच्या दशकात कॅमकॉर्डर आले, त्यांतल्या पुष्कळांत निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या होत्या. शूटिंगवाल्याची वेळ आठवून पाहा. खांद्यावर वजनदार कॅमेरा, मागे हॅलोजनचा दांडा धरून उभे पोर, पिशवीत तीन-चार बॅटऱ्या. मंगलाष्टके चालू असताना, अक्षता पडायच्या ऐन क्षणी बॅटरी गेली तर वधूपिता पैसे देणार नाही. म्हणून हा माणूस दर कार्याला भरलेल्या बॅटऱ्याच घेऊन निघणार. कालच्या साखरपुड्यात अर्धी वापरलेली बॅटरी रात्री पुन्हा चार्जरवर आणि सकाळपर्यंत तिथेच, तापत. वर सांगितलेल्या अतिभरण्याला याहून सुपीक जमीन दुसरी नाही. काही महिन्यांत बॅटरी अर्ध्या वेळेत मान टाकायची. अशा तक्रारी जगभर होत्या, आणि त्यांवर तोडगा म्हणून काही चार्जरांवर आधी बॅटरी रिकामी करून मग भरणारे बटणही येऊ लागले. बटण दाबले की उपग्रहावरचाच विधी, टेबलावर.

या शूटिंगवाल्यांचे, फोटो स्टुडिओवाल्यांचे आणि रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्यांचे पुढे काय झाले? तालुक्याच्या गावी मोबाइलची पहिली दुकाने पुष्कळ ठिकाणी याच मंडळींनी टाकली. काउंटर तोच, काच तीच, आत कॅसेटच्या जागी हँडसेट. सल्लाही काउंटरसकट आला, असे मला पक्के वाटते.

आणि तेव्हा तो सल्ला अगदीच खोटा नव्हता. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० च्या पोटात निकेल-मेटल हायड्राइडची ९०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी मिळे. ती कॅडमियमवालीची चुलत बहीण. त्या काळच्या नोकियाच्या पुस्तिकेतच लिहिलेले असे की नवी बॅटरी दोन-तीनदा पूर्ण भरून पूर्ण उतरवल्यावरच तिची खरी ताकद देते. ‘आठ तास’ हा आकडा कोणत्या पुस्तिकेतला, यावर मी जीव टाकणार नाही. पण जुन्या साध्या चार्जरांची रीत बॅटरीच्या कुवतीच्या दहाव्या हिश्शाने १४-१६ तास भरण्याची होती, आणि १९८३ च्या मोटोरोलाच्या पहिल्या विक्रीतल्या हँडसेटला अर्धा तास बोलण्यासाठी दहा तास चार्जिंग लागे. त्या खानदानात आठ तास म्हणजे काटकसरच.

पुढे २००३ मध्ये टॉर्चवाला नोकिया ११०० आला, त्याची बॅटरी लिथियम-आयनची. आकार जवळपास तोच, पिन तशीच, दुकानदार तोच. आतले रसायन पूर्ण बदलले होते, पण ते बाहेरून दिसायला काहीच नव्हते. त्यातही इतिहासाची एक थट्टा बघा. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली आणि लवकरच ती स्वतःच्या हँडिकॅम कॅमेऱ्यातही बसवली. म्हणजे ज्या यंत्राच्या पाठीवर बसून हा सल्ला गावोगाव गेला, त्याच यंत्रात तो अगदी सुरुवातीला खोटा ठरला.

फोनांतल्या लिथियमला उपग्रहाचा रोग नाही. तिला त्रास तीन गोष्टींचा : उष्णता, काठोकाठ भरून तसेच पडून राहणे, आणि अगदी तळाला जाणे. व्होल्टेज फार खाली गेले तर आतला तांब्याचा पापुद्रा विरघळू लागतो. म्हणून तर फोन शून्य दाखवून थोडी वीज हातची राखूनच बंद होतो. आणि पन्नास-पन्नास टक्के दोनदा भरले तर ती एकच फेरी मोजली जाते, दोन नाही. त्यामुळे चहा पिता पिता वीस मिनिटे चार्जिंग केल्याने काही बिघडत नाही. नव्या फोनांच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय असते, ती चालू करावी. शून्याची वाट पाहण्यापेक्षा उन्हातल्या डॅशबोर्डवरून फोन उचलणे केव्हाही जास्त पुण्याचे.

माझ्या उपग्रहाला दोन प्रतिस्पर्धी आहेत, त्यांचाही निकाल लावतो. पहिला म्हणतो, सल्ला ट्रकच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून आला. अशक्य. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण उतरवून ठेवली तर तिच्या पत्र्यांवर गंधकाचा क्षार बसतो आणि ती मरते. लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टर मेकॅनिक नेमका उलटाच सल्ला देत असत. दुसरा जास्त वजनदार आहे. तो म्हणतो, पूर्ण उतरवणे हे बॅटरीसाठी नसून टक्के मोजणाऱ्या चिपसाठी होते. आत-बाहेर जाणारी वीज ती चिप मोजते, हळूहळू हिशेब चुकतो, आणि एकदा तळ गाठला की खातेवही पुन्हा जुळते. हे खरे आहे. अ‍ॅपलही एके काळी महिन्यातून एक पूर्ण फेरी करायला सांगे. पण सन-सनावळी बघा : टक्के दाखवणारे फोन येण्याच्या कितीतरी आधी कॅमकॉर्डरवाले हा विधी करत होते. मोजणी हे सल्ल्याचे बीज नव्हे, त्याला उशिरा मिळालेले दत्तकविधान आहे.

२०१३ मध्ये स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतील आणि टोयोटाच्या संशोधकांनी ‘नेचर मटेरियल्स’मध्ये दाखवून दिले की लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीच्या सेलमध्ये बारीकशी मेमरी खरोखर आढळते. ही जात फोनांत सहसा नसते, विजेच्या गाड्यांत मात्र पुष्कळ असते. तिचे व्होल्टेज वापराच्या बहुतेक टप्प्यात एकाच पातळीवर राहते, त्यामुळे नेमके किती टक्के उरले हे गाडीलाही कळत नाही. म्हणून अशी बॅटरी असलेल्या गाड्यांच्या मालकांना टेस्लाने सांगितले : आठवड्यातून एकदा तरी पूर्ण १०० टक्के भरा. विधी पुन्हा आला आहे, फक्त या वेळी तळ नाही, काठ गाठायचा आहे.