व्यवहारज्ञानाची परीक्षा आणि वीस गुणांचे दान

शेगाव म्हटले की साऱ्या महाराष्ट्राला गजानन महाराजांचे मंदिर आठवते. शासनाने 1983 साली खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, त्याच वर्षी महाराजांच्या नावाने या गावात असे एक महाविद्यालय उभे राहिले. आज तेथे संगणकशास्त्र शिकवले जाते. आणि त्याच गावच्या शिवारात दिवसभर कापूस वेचणारी बाई संध्याकाळी काट्याजवळ उभी राहते. मालक सांगेल तो आकडा मुकाट्याने मान्य करते. तिची मजुरी त्या आकड्यावरच ठरते. या दोन टोकांच्या मध्ये शाळा आहे. ती शाळा काय शिकवते आणि कशाची परीक्षा घेते, याचा इतिहास आपण तपासला पाहिजे.

हा प्रश्न नवा नाही. 19 ऑक्टोबर 1882 रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. प्राथमिक शाळेत मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे साधे पाठ असावेत, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक शेतकरी वर्गातला हवा; वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हाती धरणारा हवा. मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांनाही ग्रासले आहे, त्या अभ्यासात व्यवहाराचा अंश नाही, हेही त्यांनी त्याच निवेदनात सांगून टाकले. कोणी म्हणेल, बहुजनांना हिशेब आणि उच्चवर्णीयांना विद्या, असेच फुल्यांना हवे होते काय? मुळीच नाही! सावकार आणि कुलकर्ण्याच्या लेखणीखाली भरडल्या जाणाऱ्या माणसाला तो कागद स्वतः वाचता यावा, हा त्या हिशेबाचा अर्थ होता.

बाबासाहेबांनी 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात याच दुखण्यावर बोट ठेवले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ 18 मुले चौथीपर्यंत पोचतात आणि उरलेली 82 पुन्हा निरक्षर होतात, असा हिशेब त्यांनी मांडला. शाळेत शिरलेले मूल जन्मभर साक्षर राहील अशा टप्प्यावरच बाहेर पडावे, हे त्यांचे म्हणणे होते. पटावरच्या नावांनी त्यांचे समाधान होणार नव्हते.

वऱ्हाडात या अज्ञानाची किंमत रोख मोजली गेली आहे. 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. ग्रेड, वजन, कपात, चुकाऱ्याचे हप्ते, सारे कागदावर आले. ज्याला तो कागद उलगडता आला नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले. त्याच काळात आमच्या वस्त्यांतली पोरे टायपिंग इन्स्टिट्यूटची पायरी चढू लागली. मिनिटाला तीस शब्द, चाळीस शब्द! या परीक्षेत परीक्षकाला दया दाखवायला जागा नव्हती. बोटे चालली तर चालली. कितीएक घरांत पहिली कारकुनी त्या खडखडाटातून आली आहे. 2017च्या सुमारास ती यंत्रे परीक्षेतून गेली आणि तेथे संगणक आला. त्याआधीच, 2001पासून, एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र सुरू झाले होते, आणि पुढे सरकारी नोकरीसाठी ते मागितले जाऊ लागले. शाळेने फुकट शिकवायचे ते मजुराच्या पोराने फी भरून बाहेर शिकायचे, असा हा व्यवहार आहे. शाळांतही संगणककक्ष आले. पण कक्ष असणे वेगळे आणि मुलाचा हात कळफलकावर पडणे वेगळे.

2000 सालच्या जूनपासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तोवर आमचे मूल पाचवीत गेल्यावर ए-बी-सी-डी गिरवत होते. मराठी बुडेल अशी ओरड झाली. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत होती, हे विचारायचे राहून गेले. निर्णय योग्यच होता. पण इंग्रजी बोलता येते की नाही हे तपासायचे कसे? त्यावर उपाय निघाला तो तोंडी परीक्षेचा. दहावीच्या भाषा विषयांत शाळेच्या हाती वीस गुण आले.

या वीस गुणांचे काय झाले ते मी सांगू शकतो, कारण ते मीही भरले आहेत. इंग्रजीच्या शिक्षकाने वर्गात हजेरीपट उघडायचा आणि अठरा, एकोणीस, अठरा असे लिहीत जायचे. मुलाने तोंड उघडले नाही तरी चालते! माझ्यापुढे एक मुलगा उभा राहिला होता. त्याला स्वतःच्या बापाचा धंदा इंग्रजीत सांगता आला नाही. मी त्याला एकोणीस दिले आणि पुढचे नाव पुकारले. तेव्हा मला ती माया वाटली होती.

2018-19 या वर्षी मंडळाने भाषांचे हे अंतर्गत गुण काढले. दहावीचा निकाल 2018 साली 89.41 टक्के होता, तो 2019 साली 77.10 टक्क्यांवर आला. मोठी हाकाटी झाली, गुण परत आले आणि 2020चा निकाल 95.30 टक्के लागला. त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. तरीही एवढ्या वादात मुलांना बोलायला शिकवावे आणि मग खरोखर ऐकावे, ही मागणी किती क्षीण होती! गुण द्या किंवा काढून घ्या, एवढ्यावरच भांडण चालले. ज्याच्या घरी इंग्रजी आहे त्याला हे दान लागत नाही. ज्याच्या घरी नाही, त्याची उणीव हे दान झाकून ठेवते आणि ती पहिल्या मुलाखतीत उघडी पडते.

गणिताची कथा याहून कठीण. दुबळ्या मुलांसाठी ‘सामान्य गणित’ हा पर्याय होता. तो दहावीतून 2018-19 साली गेला. पुढे 2024च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात अशी तरतूद सुचवली गेली की, गणित-विज्ञानात पस्तीसऐवजी वीस गुणांवरही मुलाला पुढे जाऊ द्यावे, मात्र ते विषय त्याला पुढे घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. म्हणजे शेगावच्या मुलाला घराजवळच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे दार सोळाव्या वर्षीच बंद! पूर्वी जात दार लावत असे, आता शेरा लावील. आणि हा शेरा कोणत्या वस्तीत जास्त पडेल, ते वाचकांना सांगायला नको.

दहावीच्या मुलापुढे कापूस विक्रीची खरी पावती ठेवा. वजन किती, कपात कशाची, हाती किती पडायला हवे, हे त्याला काढू द्या. बँकेचा इंग्रजी अर्ज द्या आणि तो भरताना मास्तराने गप्प बसावे. चुकारा अडकला तर तक्रारीचा अर्ज त्याने संगणकावर स्वतः लिहावा. या परीक्षेत मुले नापास होतील, पहिल्या वर्षी पुष्कळ होतील. ती कोणत्या शाळेत झाली, तेथे इंग्रजीचा आणि गणिताचा शिक्षक किती दिवस नव्हता, संगणककक्षाचे कुलूप किती महिने निघाले नव्हते, हे निकालाच्या त्याच कागदावर छापले जावे.