अमेरिकेत ऑक्टोबर आला की लोक धनुष्यबाण घेऊन झाडावर का चढतात?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रील्स बघताना असा एखादा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. अंगावर झाडापानांच्या रंगाचे कपडे, हातात चाकं लावलेलं विचित्र दिसणारं धनुष्य आणि समोर मरून पडलेलं मोठ्या शिंगांचं हरीण. खाली कमेंट्समध्ये काही जण अभिनंदन करतात, काही जण शिव्या घालतात. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांमुळे शौक म्हणून शिकार करता येत नाही. त्यामुळे हे अमेरिकेत उघडपणे, तेही सरकारी परवान्याने कसं चालतं, हा प्रश्न आपल्याला पडतोच.

व्हिडिओतलं ते हरीण म्हणजे व्हाइटटेल. पळताना शेपटी वर करतं आणि खालची पांढरी बाजू दिसते, म्हणून हे नाव. साधारण १९०० च्या सुमारास बेसुमार शिकार आणि मांस-कातड्याच्या व्यापारामुळे अमेरिकेत ही हरणं जेमतेम तीन ते पाच लाखांवर आली होती. आज त्यांचा अंदाजे आकडा तीन कोटींच्या आसपास सांगितला जातो. मधल्या काळात शिकारीवर हंगाम आणि संख्येची बंधनं आली, वन्यप्राण्यांचं मांस बाजारात विकणं बंद झालं. अमेरिकेतल्या हॉटेलात हरणाचं मांस मिळतं, पण ते पाळलेल्या किंवा आयात केलेल्या हरणाचं असतं. शिकाऱ्याने मारलेलं हरीण तो स्वतः खाऊ शकतो, वाटू शकतो, विकू शकत नाही.

पैशांचा भाग इथे महत्त्वाचा आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जाऊ लागला. पुढे १९७० च्या दशकात धनुष्यबाणही या करात आले. परवान्याचं शुल्क वेगळंच. म्हणजे अमेरिकेतल्या वन्यजीव संवर्धनाचा मोठा खर्च शिकारी उचलतात. शिकारीला कितीही विरोध असला, तरी ही वस्तुस्थिती टाळून या विषयावर वाद घालता येत नाही.

बंदूक असताना बाण कशाला?

एक कारण हंगामाचं. विस्कॉन्सिनचं उदाहरण घ्या. अमेरिकेत धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा आधुनिक हंगाम पहिल्यांदा इथेच, १९३४ मध्ये सुरू झाला. तिथे बंदुकीचा मुख्य हंगाम नोव्हेंबरअखेर फक्त नऊ दिवसांचा असतो, तर बाणाचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत चालतो. कारण सोपं आहे. बाणाने हरीण मिळवणं फार अवघड.

रायफलने दोनशे यार्डांवरून नेम साधता येतो. बाणासाठी हरीण साधारण २० ते ३० यार्डांच्या आत यावं लागतं. आता चाकांवर दोरी फिरणारं कंपाउंड धनुष्य आलं आहे. मिसुरीच्या होलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. दोरी पूर्ण ताणल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो, त्यामुळे नेम धरून थांबता येतं. पण हरणाचं नाक काही बदललेलं नाही. वारा शिकाऱ्याकडून हरणाकडे वाहत असेल तर दिवसभराची मेहनत वाया. म्हणून लोक १५-२० फूट उंच मचाणावर पहाटेच्या अंधारात चढून तासन्‌तास हलतही नाहीत. पडून हातपाय मोडण्याचे प्रकार इतके होतात, की सेफ्टी हार्नेस घाला, हे दर हंगामात बजावलं जातं.

बाण हृदय-फुप्फुसाच्या भागात लागला तर हरीण सहसा काही सेकंदांत कोसळतं. जरा चुकला, पोटात किंवा पायात लागला, तर ते जखमी अवस्थेत लांब पळतं. मग रक्ताचे थेंब शोधत माग काढायचा. काही हरणं सापडतच नाहीत. या प्रकारच्या शिकारीवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप हाच आहे आणि चांगले शिकारीही तो नाकारत नाहीत.

शिंगांचं माप

ताडोबात चितळ-सांबर पाहिलेल्यांना हे सोपं जाईल. काळविटाची शिंगं कायमची असतात, चितळाची गळून पुन्हा येतात. व्हाइटटेलचंही तसंच. फक्त नरालाच शिंगं, उन्हाळ्यात मखमली कातडीखाली वाढतात, सप्टेंबरच्या सुमारास कातडी सुटते, हिवाळ्यात शिंगं गळतात. उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरच्या मध्याला माज शिगेला पोहोचतो. एरवी रात्रीच फिरणारा, कमालीचा सावध मोठा नर तेव्हा मादीच्या मागे भर दिवसा उघड्यावर येतो. शिकारी सुट्ट्या राखून ठेवतात त्या याच दिवसांसाठी.

‘ट्रॉफी’ ठरवायचीही पद्धत आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब बाणाने मारलेल्या प्राण्यांच्या नोंदी ठेवतो. शिंगं ६० दिवस वाळवायची, मग मुख्य शिंगाची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, जाडी, दोन शिंगांमधलं अंतर मोजून बेरीज करायची. नेहमीच्या आकाराच्या शिंगांसाठी किमान १२५ इंच लागतात. १९६५ मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया काउंटीत मारलेल्या नराची २०४ ४/८ इंच ही नोंद या खेळात दंतकथेसारखी सांगितली जाते. कुंपणात कोंडून पाळलेल्या हरणांना अशा नोंदीत जागा नाही.

खरी गोची इथे आहे

शिकारीच्या बाजूने नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे ‘संख्या आटोक्यात ठेवावी लागते.’ ते खोटं नाही. लांडगे बहुतेक भागांतून संपले आहेत, मका-सोयाबीनची शेतं हरणांना आयती मिळतात आणि रस्त्यांवर दरवर्षी दहा लाखांहून अधिक वाहनं हरणांवर आदळतात. पण संख्या कमी करायची तर माद्या माराव्या लागतात. एक नर अनेक माद्यांना पुरतो आणि धडधाकट मादी बहुतेकदा जुळी पिल्लं देते. मोठ्या शिंगांची वाट बघत बसलेला शिकारी समोरून गेलेल्या चार माद्या सोडून देतो. म्हणजे ट्रॉफीची शिकार आणि संख्येचं नियंत्रण ही दोन वेगळी कामं आहेत, हे रील्समध्ये कुणी सांगत नाही.

विस्कॉन्सिनने यावर उपाय काढला होता. १९९६ पासून काही भागांत ‘आधी मादी मारा, मग नराचा परवाना’ असा नियम आणला. माद्यांची संख्या घटवायला तो उपयोगी पडला, पण शिकारी इतके चिडले की २०११ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तो रद्द केला.

त्यात भर पडली क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या आजाराची. बिघडलेल्या प्रथिनांमुळे हरणाचा मेंदू हळूहळू निकामी होतो, उपचार नाही. १९६७ मध्ये कोलोरॅडोत पहिल्यांदा दिसलेला हा आजार २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला आणि आज तीसहून अधिक राज्यांत आहे. माणसाला तो झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित हरणाचं मांस खाऊ नये असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. विस्कॉन्सिनमध्ये हा संसर्ग माद्यांपेक्षा प्रौढ नरांमध्ये जास्त आढळतो. म्हणजे ज्याला वर्षानुवर्षं जगू देऊन ‘मोठा’ केला, बाधित असण्याची शक्यता त्याचीच जास्त.

त्यामुळे आता तिथल्या अनेक गावांत रस्त्याकडेला नमुने जमा करण्याच्या पेट्या असतात. शिकारी शिंगं कापून घरी नेतो, हरणाचं डोकं पिशवीत घालून त्या पेटीत ठेवतो, आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये पडून राहतं.