सत्त्व पाहणारे आणि सोसणाऱ्या

सोशिक बायकोची गोष्ट युरोपात ग्रिसेल्डाच्या नावाने चालत आली. बोकाचिओच्या ‘डेकॅमेरॉन’मधली ही अगदी शेवटची कथा. एक उमराव गरिबाघरची मुलगी करून आणतो आणि तिचं सत्त्व पाहू लागतो. आधी तिची मुलगी काढून घेतो, मग मुलगा. पुढे नेसत्या वस्त्रानिशी तिला बापाघरी धाडतो आणि शेवटी नव्या नवरीसाठी घर सजवायला परत बोलावतो. ती ब्र काढत नाही. नवी नवरी म्हणजे तिचीच लेक निघते आणि तिला सारं परत मिळतं. पेत्रार्कने १३७३मध्ये ही कथा लॅटिनमध्ये नेली, तेव्हा ती देवापुढच्या निष्ठेचा दृष्टान्त झाली. क्रिस्तीन द पिझाँ या लेखिकेने १४०५मध्ये तीच कथा, बायका चंचल असतात या आरोपाला उत्तर म्हणून मांडली. गोष्ट एकच, पण सांगणारं माणूस बदललं की तिचं काम बदलतं. म्हणूनच या विषयात पाऊल टाकणाऱ्याने ‘तिने किती सोसलं’ याच्या आधी ‘हे कोण सांगतंय आणि कोणाला’ असं विचारावं. हा प्रश्न विचारायला वऱ्हाडाइतकी सकस जमीन क्वचित सापडेल.

इथल्या परंपरेत आदर्श पत्नी म्हणून गौरवलेल्या दोघी विदर्भाच्या लेकी आहेत. अमरावती जिल्ह्यातलं, वर्धेच्या काठचं कौंडिण्यपूर हेच जुनं कुंडिनपूर, असं परंपरा सांगते. दमयंती आणि रुक्मिणी या दोघींचं माहेर तेच. महाभारताच्या वनपर्वात नल आणि दमयंती यांच्याकडे दोघांत एकच वस्त्र उरतं. ती झोपलेली असताना नल त्यातलं अर्धं कापून घेतो आणि निघून जातो. ग्रिसेल्डासारखीच तीही जवळजवळ नागवली जाते, पण पुढची चाल तिची असते. ती माहेरी पोचते, खुणेचे प्रश्न देऊन माणसं चहूकडे पाठवते आणि दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून नवऱ्याला ओढून आणते. रुक्मिणी तर भावाने ठरवलेलं लग्न मोडून कृष्णाला स्वतः निरोप धाडते. त्याच लग्नाचे ‘धवळे’ महदाइसेने तेराव्या शतकात रिद्धपुरात गायले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. पतिव्रता म्हणून पूजल्या गेलेल्या या दोघी मुकाट्याने बसणाऱ्या नव्हत्या. मग पूजा करताना त्यांच्या कर्तेपणावर पांघरूण कधी आणि कोणी घातलं, हे शोधण्याजोगं आहे.

पोथ्यांच्या बाहेर भुलाबाई आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत अमरावती-अकोल्याकडच्या पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलोबा-भुलाबाई बसतात आणि शेवटी खाऊ ओळखायचा असतो. त्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं नीट ऐका. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, आधी वेल लाव. वेल लागला, तर कारली येऊ दे. कारली आली, तर भाजी कर. एक अट पुरी झाली की दुसरी तयार. ग्रिसेल्डाच्या कथेची बांधणीही अशीच, पायरीपायरीने चढणारी आहे. तिथे मात्र पायऱ्या परीक्षा घेणाऱ्याच्या हिशेबाने मोजल्या जातात, इथे सोसणारीच्या. सून अटी पाळते, आणि गाणं प्रत्येक अट चारचौघांत बोलून दाखवतं. अजून लग्न न झालेल्या पोरी ते टाळ्या देत म्हणतात. त्यात सासुरवासाची सवय लागते आणि त्याची ओळखही पटते. यातलं एकच खरं धरून बसू नये.

गाण्यातली ही मोजदाद बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये वादात उतरवली. ‘स्त्री-पुरुष तुलना’ या निबंधात त्यांनी पातिव्रत्याचे नियम पुरुषांसमोर ठेवले आणि तुमचं काय, असं थेट विचारलं. पुस्तकावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. आज ताराबाईंचा निबंध स्त्रीवादाच्या अभ्यासात वाचला जातो आणि भुलाबाईची गाणी लोकसाहित्याच्या. माझा आग्रह आहे की दोन्ही एकत्र वाचावीत. ताराबाईंचा संताप आभाळातून पडलेला नव्हता. त्याआधी बायकांनी आपला जाच मोजायची रीत घरच्या गाण्यांतून राखली होती.

या अभ्यासाला यायला फार मोठी तयारी लागत नाही. आजीला, मावशीला, शेजारच्या काकूंना एखादं गाणं पुरतं म्हणायला लावा. म्हणणारीचं माहेर कुठलं, सासर कुठलं, गाणं कोणाकडून आलं, ऐकायला कोण बसायचं, तेही लिहा. दोन गावांत शेवट वेगळा निघाला तर शुद्ध पाठ ठरवायच्या मागे लागू नका. दोन्ही शेवट जपा. एका गावातली सून माहेरी पोचते आणि दुसऱ्या गावातली पोचत नाही, असं आढळलं तर खरं संशोधन तिथून सुरू होतं.