सेन्सर पाव झाला, कॅमेरा का नाही?

सेकंड-हँड डीएसएलआर शोधणारे मित्र मला हमखास सांगतात, "सेन्सर लहान म्हणजे कॅमेरा लहान." ऐकायला लॉजिकल वाटतं. पण इतिहास बघा.

१९७२. ऑलिंपसचे योशिहिसा मैतानी फिल्मचा एसएलआर बनवतात. आधी नाव एम-१, मग लायकाने हरकत घेतली म्हणून ओएम-१. रुंदी १३६ मिलिमीटर, उंची ८३, जाडी ५०. आणि आत चक्क ३६ बाय २४ची फुल फ्रेम!

२००३मध्ये तीच कंपनी कोडॅकसोबत फोर थर्ड्स आणते. सेन्सर १७.३ बाय १३, म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम पाव. पहिला कॅमेरा ई-१, नुसती बॉडी ६६० ग्रॅम. ओएम-१ तर ५१० ग्रॅमचा होता! २००८चा ई-४२० मात्र खरंच हलका, ३८० ग्रॅम. पण उंची ९१ आणि जाडी ५३. फिल्मवाल्या आजोबांपेक्षा जास्तच.

असं का? फिल्मच्या मागे फक्त एक दाबपट्टी आणि झाकण असतं. सेन्सरच्या मागे सर्किट बोर्ड आणि स्क्रीन, बाजूला बॅटरी. सेन्सर छोटा केला म्हणून यातलं काहीच छोटं होत नाही. आरसा छोटा होतो, पण त्याला हलायला जागा लागतेच.

वर व्ह्यूफाइंडरमध्ये मार बसला तो वेगळाच. दोन्ही कॅमेऱ्यांच्या स्पेसिफिकेशनमध्ये मॅग्निफिकेशन ०.९२ छापलंय. पण हा आकडा ५० मिलिमीटरच्या लेन्सवर मोजतात, आणि फोर थर्ड्सवर ती लेन्स १००सारखं दाखवते. म्हणजे ई-४२०मध्ये चित्र निम्म्या आकाराचं दिसतं. बोगद्यातून बघितल्यासारखं. स्पेक शीट वाचताना आम्ही इंजिनिअर लोकही इथे फसतो बरं का.

२०१३मध्ये कॅननने १००डी आणला. सेन्सर ई-४२०पेक्षा मोठा, एपीएस-सी, तरी रुंदी ११७ मिलिमीटर. ई-४२०ची होती जवळपास १३०. जाडीत मात्र कॅनन हरला, ६९.

लहान सेन्सरचा खरा फायदा लेन्समध्ये. ३०० मिलिमीटरची लेन्स ६००सारखं जवळ आणते. पक्षी टिपणाऱ्यांनी तो जरूर विचारात घ्यावा.

आणि बॉडी? ती लहान झाली २००८च्या पॅनासॉनिक जी१मध्ये. सेन्सरचं माप तेच फोर थर्ड्सचं. फक्त आरसा काढला, आणि लेन्स माउंट ते सेन्सर हे अंतर सुमारे ३९ मिलिमीटरवरून २०वर आलं.