समुद्रतळावरचा तांबूस थर

समुद्रतळावरच्या लोहाचा माग काढायला आपण 18 फेब्रुवारी 1873 या दिवशी जाऊ. कॅनरी बेटांतल्या फेरोच्या नैर्ऋत्येला ब्रिटनच्या 'चॅलेंजर' जहाजाने तळ खरवडून जाळे वर ओढले, तेव्हा त्यात काळपट, लंबगोल खडे निघाले. जहाजावरचे रसायनज्ञ जॉन बुकॅनन यांना त्यांत मँगनीज सापडले आणि पुढची शंभर वर्षे मँगनीजचाच गवगवा झाला. अशा खड्यांत लोहही भरपूर असते, पण त्याची कुणाला फारशी मातब्बरी वाटली नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी अरबी समुद्रातून असा पहिला खडा काढला, तेव्हाही डोळा मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्टवर होता.

लोहाची खरी नोंद खड्यांपेक्षा चिखलात झाली. जॉन मरे आणि बेल्जियमचे रनार यांनी 1891 मध्ये चॅलेंजरच्या गाळाचा जाडजूड अहवाल छापला. किनाऱ्यापासून दूर, खोल तळावर तांबडी माती आणि जमिनीलगत निळसर चिखल, अशी त्यांनी वर्गवारी केली. शिवाय निळ्या चिखलावर एक पातळ तांबूस थर असतो, हेही टिपून ठेवले. माझ्या मते त्या अहवालातले हेच सर्वांत मोलाचे निरीक्षण. वरच्या थरात ऑक्सिजन पोचतो, म्हणून लोह गंजलेल्या रूपात राहते. खाली सेंद्रिय द्रव्य कुजत असते, तिथे गंज टिकत नाही आणि लोहाचे सल्फाइड होऊन चिखल काळानिळा पडतो.

या रंगरेषेमागची शिस्त उलगडायला 1979 उजाडले. विषुववृत्तीय पूर्व अटलांटिकच्या गाळातले पाणी थराथराने तपासून फ्रोलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रम मांडला: आधी ऑक्सिजन संपतो, मग नायट्रेट आणि मँगनीज, नंतर लोह, आणि शेवटी सल्फेटची पाळी येते. 1983 मध्ये लाइल यांनी तपकिरी-हिरव्या रंगबदलाची रेषा ही लोहाचे रूप पालटण्याची सीमा असल्याचे दाखवले. तरी गंज विरघळणे ही बव्हंशी निर्जीव रासायनिक क्रिया असावी, असा अनेकांचा समज होता. पोटोमॅक नदीच्या गाळातल्या एका जिवाणूने तो मोडला: लव्हली आणि फिलिप्स यांनी 1988 मध्ये दाखवले की तो सेंद्रिय द्रव्य खाऊन लोहाच्या गंजावरच श्वसन करतो आणि वाढतो.

मग हिशेब बदलला. डेन्मार्कच्या आसपासच्या गाळावर काम करताना कॅनफिल्ड आणि सहकाऱ्यांना 1993 मध्ये आढळले की लोह कायमचे गाडले जाण्यापूर्वी 100 ते 300 वेळा रूप पालटते. तळावरचे किडे चिखल उकरतात, खालचे लोह वर येते, पुन्हा गंजते, पुन्हा वापरले जाते. थोडेसेच लोह, पण फेऱ्या इतक्या की काम अनेकपट!

लोह अन्न जाळायला मदत करते, हे असे पक्के झाले. 2012 मध्ये माँट्रियलच्या लालोंद आणि सहकाऱ्यांनी त्याची दुसरी बाजू पुढे आणली: समुद्रगाळातल्या सेंद्रिय कार्बनपैकी सुमारे 21.5 टक्के याच गंजाला चिकटून जिवाणूंपासून वाचतो.